पाऊस अवकाळी नाही, बेदखल आहे

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. मागच्या चाचणीत नववीच्या मुलींना एक सोपा प्रश्न दिला होता. ‘ओला दुष्काळ’ म्हणजे काय, ते एका वाक्यात लिहा. एकीने लिहिलं, ‘गारा पडून पिके जातात त्याला ओला दुष्काळ म्हणतात.’ मी लाल पेनाने फुली मारली. मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन आली. म्हणाली, ‘मॅडम, ओले गिरे तो ओला दुष्काळच हुआ ना?’

गोंधळ लक्षात आला. उर्दूत ओला म्हणजे आभाळातून पडणारी गार. मराठीत ओला म्हणजे भिजलेला. मी तिला फरक समजावून सांगितला आणि तिने मान हलवली. जाता जाता एवढंच म्हणाली, ‘पर नानी के गाँव में तो ओले सेच सब गया.’

त्या दिवशी मेट्रोने उज्ज्वल नगरला उतरून मनीषनगरातल्या घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. व्याकरणाच्या हिशेबाने ती चुकली होती. पण नानीच्या गावाच्या हिशेबाने?

आमचं मनीषनगर तसं शेतीपासून दूर. डिसेंबरात पाऊस आला की सोसायटीच्या ग्रुपवर भज्यांचे फोटो येतात. फार तर अंडरपासात पाणी साचतं, वाळत घातलेले कपडे भिजतात, स्वेटरवर रेनकोट चढवावा लागतो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, ‘विदर्भाला अवकाळीचा तडाखा’. आपण ती वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. वर्धा रोडच्या पलीकडे, सोनेगावला विमानतळाच्या आवारात हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. नागपुरात किती पाऊस पडला हे साऱ्या देशाला जिथून कळतं, ती जागा माझ्या घरापासून हाकेच्या नाही तरी रिक्षाच्या अंतरावर आहे. तरीही हिवाळ्यातल्या पावसाबद्दल आपली सार्वजनिक स्मृती जेमतेम एका मोसमाची असते.

मला या लेखात ‘अवकाळी’ या शब्दाबद्दलच बोलायचं आहे. अवकाळी म्हणजे ज्याची ही वेळ नव्हती तो. शब्द उच्चारला की पाहुणा न सांगता आला असं वाटतं. न सांगता आलेल्या पाहुण्यासाठी घरात स्वयंपाक तयार नसेल, तर कुणी दोष देत नाही. पण तोच पाहुणा दरवर्षी येत असेल तर?

अलीकडची दहा-बारा वर्षं आठवून पाहू. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या २८ जिल्ह्यांत गारपीट झाली. काही ठिकाणी शेतं काश्मीरसारखी पांढरी दिसत होती. २०१८ च्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्यात पुन्हा गारा. २०१९ मध्ये मोसमी पावसाने देशातून परतायला सुरुवात केली तीच मुळी ९ ऑक्टोबरला. हवामान खात्याच्या नोंदींतली ही सर्वांत उशिराची तारीख. त्याआधीचा विक्रम १९६१ सालचा, १ ऑक्टोबरचा होता. त्याच ऑक्टोबरच्या शेवटी ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ ही दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात उठली आणि कापणीला आलेलं सोयाबीन शेतातच कुजलं. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरीप पिकांना हेक्टरी ८,००० आणि फळबागांना हेक्टरी १८,००० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. २०२१ च्या डिसेंबरअखेरीस आणि लगेच जानेवारीत विदर्भात गारा पडल्या. २०२३ च्या मार्चमध्ये पडल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिककडची द्राक्षं गारांनी झोडपली. २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा विदर्भ.

ही यादी मी केवळ आठवणीतून केली आहे आणि ती पूर्ण नाही. तरीसुद्धा एवढं दिसतंच की ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत कधी ना कधी नुकसान करणारा पाऊस येणं ही आपल्याकडची रीत आहे. नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा पायऱ्यांवर कुजलेल्या कापसाची बोंडं घेऊन उभे राहिलेले आमदार आपण किती वेळा पाहिले आहेत. अधिवेशन जसं ठरलेलं, तसा हा विषयही ठरलेला. मग त्याला अवकाळी कसं म्हणायचं?

यामागचं शास्त्रही काही गूढ नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने वाऱ्याचे थंड झोत पूर्वेकडे सरकत येतात. हवामान खातं त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतं. उत्तरेत ते बर्फ आणि पाऊस देतात. कधी कधी त्यांची शेपटी मध्य भारतापर्यंत येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे आत आले, की दोघांची गाठ बरोबर आपल्या डोक्यावर पडते. नागपूर देशाच्या मध्यावर आहे याचं आपल्याला कौतुक असतं. त्या मध्यावर असण्याची ही दुसरी बाजू. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तर समुद्रातल्या चक्रीवादळांचा ठरलेलाच काळ. जानेवारी-फेब्रुवारीत नागपूरच्या पावसाची सरासरी थोडी असते, पण शून्य नसते. सरासरी शून्य नाही याचा अर्थच असा, की कधी तरी तो पडतोच.

आपल्या आजी-आजोबांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांच्याकडे या पावसाला स्वतःचं नाव होतं. मावठा. माघाशी नातं सांगणारा हा शब्द. उत्तरेत त्याचंच महावट झालेलं आहे, आणि तिकडे गव्हाला तो लाभाचाही मानतात. नाव दिलं की त्या गोष्टीला वर्षात एक जागा मिळते. मावठा येणार, कधी गव्हाला पाणी देणार, कधी हरभऱ्याचा खार धुऊन नेणार, हे गृहीत असतं. आज माझ्या वर्गात ‘मावठा’ शब्द कुणाला येत नाही. ‘अवकाळी’ सगळ्यांना येतो. गेल्या दोन पिढ्यांत आपण एका ओळखीच्या पावसाला अनोळखी करून टाकलं आहे.

या विस्मरणाची किंमत काय असते, याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच नागपूरच्या इतिहासात आहे. १८९० च्या दशकात नागपूर ही इंग्रजांच्या मध्य प्रांताची राजधानी होती. रेल्वे आली होती, प्रांताचा गहू मुंबईच्या बंदरातून बाहेर जात होता. १८९३ च्या सुमारास प्रांताच्या उत्तरेकडच्या गहू पिकवणाऱ्या जिल्ह्यांत, सागर-दमोहच्या पट्ट्यात, एका मागोमाग एक असे हिवाळे आले ज्यांत पाऊस थांबला नाही आणि आभाळ उघडलं नाही. ओल्या, ढगाळ हवेत गव्हावर तांबेरा पडला. जवस गेली. सलग तीन वर्षं रब्बी हाती लागली नाही. त्यानंतर १८९६ मध्ये मोसमी पाऊस लवकर संपला आणि १८९७ चा मोठा दुष्काळ पडला. त्यातून सावरतो न सावरतो तोच १८९९ चा पाऊस गेला. १९०१ च्या जनगणनेत मध्य प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी घटलेली निघाली.

शाळेच्या पुस्तकात आपण शिकतो, की १८९६-९७ ला पाऊस पडला नाही म्हणून दुष्काळ पडला. ते खरंच आहे, पण अर्धं. शेतकऱ्याची कंबर त्याआधीच मोडली होती, आणि ती मोडली होती पावसाने. तीन ओल्या हिवाळ्यांत घरातलं बियाणं संपलं, बैल विकले गेले, सावकाराचं खातं फुगलं. त्याच दशकात नव्या बंदोबस्ताने शेतसाराही वाढत होता. रमेशचंद्र दत्त यांनी १९०० मध्ये लॉर्ड कर्झनला दुष्काळावर जी जाहीर पत्रं लिहिली, त्यांत मध्य प्रांताच्या शेतसाऱ्यावर टीका आहे. म्हणजे ज्या वर्षी पाऊस आला नाही, त्या वर्षी शेतकऱ्याजवळ तग धरायला काही उरलंच नव्हतं. कोरड्या दुष्काळाचा पाया ओल्या वर्षांनी घातला होता.

तांबेऱ्याची पुढची गोष्टही सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात लोक त्याचं कारण माणसांच्या पापात आणि देवाच्या कोपात शोधत. विसाव्या शतकात आग्र्याच्या प्राध्यापक करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं नमुने गोळा करून दाखवलं, की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचं बीज जगत नाही. ते थंड डोंगरांत तगून राहतं आणि दरवर्षी वाऱ्यासोबत खाली येतं. पुढे १९७५ च्या सुमारास एस. नागराजन आणि हरजितसिंग यांनी त्याला हवामानाच्या नकाशांची जोड दिली. निलगिरीच्या बाजूने निघालेलं तांबेऱ्याचं बीज नोव्हेंबरातल्या बंगालच्या उपसागरातल्या वादळांबरोबर मध्य भारतापर्यंत येतं आणि पावसाबरोबर गव्हावर उतरतं, असं त्यांनी मांडलं. म्हणजे दक्षिणेतलं नोव्हेंबरातलं वादळ आणि आपल्याकडचा माघातला गहू यांचा थेट संबंध आहे. हा संबंध कुणाला स्वप्नात दिसला नाही. कुठे, कोणत्या तारखेला पाऊस झाला आणि किती दिवसांनी पानावर तांबूस पूड दिसली, हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून तो सापडला.

मात्र ओल्या संकटाच्या बाबतीत आपली स्मृती नेहमीच कच्ची राहिली आहे. १६३० ते १६३२ चा दख्खन आणि गुजरातचा दुष्काळ घ्या. तुकोबांच्या चरित्रात तो येतो. शाहजहानच्या दरबारातल्या अब्दुल हमीद लाहोरीच्या फारसी ‘बादशाहनाम्या’त तो येतो. १६३० ला पाऊस आला नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या वर्षी गुजरातेत पाऊस एवढा आला की जगलेल्या माणसांनी पेरलेलं पीकही नासलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. कोरडेपणा लांबतो, दिसत राहतो, त्याच्या गोष्टी होतात. पाऊस दोन तासांत नुकसान करून जातो आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडतं.

पाऊस मागण्याच्या रीती आपल्या सगळ्यांकडे आहेत. गावात मुलं धोंडी काढतात, मुसलमान मोकळ्या मैदानात इस्तिस्काची नमाज पढतात. पाऊस थांबावा म्हणून काय करतात, हे विचारलं तर बरेच जण गप्प होतात. खरं तर हदीसमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात आल्या आहेत. मदिनेत जुम्म्याच्या खुतब्याच्या वेळी एक माणूस उठून पैगंबरांना म्हणतो, जनावरं मरताहेत, पावसासाठी दुआ करा. दुआ होते, पाऊस सुरू होतो आणि आठवडाभर थांबत नाही. पुढच्या जुम्म्याला तक्रार येते की घरं पडताहेत, आता पाऊस थांबावा म्हणून दुआ करा. तेव्हा पैगंबर पाऊस नको असं म्हणत नाहीत. तो वस्तीवर न पडता डोंगरांवर, दऱ्याखोऱ्यांत पडावा अशी दुआ करतात. मला त्यात एक व्यवहार दिसतो. पाऊस चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. तो कुठे आणि कधी पडला, हा प्रश्न आहे.

‘कधी’ या प्रश्नावर आपल्या पूर्वजांनी भरपूर डोकं चालवलं होतं, आणि भाषेचा धंदा करणारी म्हणून मला त्याचं फार अप्रूप आहे. आपण शेतीचे जे शब्द रोज वापरतो ते पाहा. खरीप हा अरबी शब्द, अर्थ शरद ऋतू. रब्बी हाही अरबी, अर्थ वसंत. हंगाम फारसी. मोसम अरबी, आणि त्याच ‘मौसिम’वरून इंग्रजांचा मान्सून झाला. हे शब्द महसुलाच्या दप्तरातून शेतात आले. त्या दप्तरासमोर एक मोठी अडचण होती. हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ दिवसांचं. ते दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतं. आपला रमजान कधी उन्हाळ्यात, कधी हिवाळ्यात येतो तो याचमुळे. उपवासाला हे ठीक आहे, शेतसाऱ्याला नाही. पीक उभं असताना वसुलीची तारीख आली तर शेतकऱ्याने द्यायचं काय?

मग राज्यकर्त्यांनी काय केलं? पीक अवकाळी आलं असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी कॅलेंडर बदललं. अकबराच्या काळात पिकाशी जुळणारा फसली सन सुरू झाला, पुढे शाहजहानच्या काळात दख्खनचा वेगळा फसली आला. जुन्या मराठी कागदांवर शुहूर सन दिसतो. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले, पण वर्ष सुरू होतं सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. अरबी आकडे आणि मृगाचा पाऊस एकाच ओळीत. ऋतू आणि रजिस्टर जुळत नसतील तर रजिस्टर दुरुस्त करायचं असतं, एवढं शहाणपण त्यात होतं.

हे मी पुस्तकातून शिकले त्याआधी नानांच्या वहीत पाहिलं होतं. माझे नाना काटोल तालुक्यात संत्र्याची बाग सांभाळायचे. त्यांची हिशेबाची एक वही माझ्याकडे आहे, उर्दूत लिहिलेली. मजुरी, खत, बागेचा सौदा, सगळं त्यात. महिने मात्र सगळे माह, फागुन, चैत असे. पक्के नमाजी असलेल्या नानांनी बागेचा हिशेब कधी रजब-शाबानने ठेवला नाही, कारण संत्र्याचं झाड चंद्राच्या वर्षावर चालत नाही. त्या वहीत मध्येच एखादी ओळ येते. माह में बारिश, ताण टूटा. पुढे एका पानावर, ओले गिरे. बस, एवढंच.

संत्र्याची बाग नसलेल्यांसाठी थोडं सांगते. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतात. झाड उपाशी राहतं, पानं मलूल होतात. मग जानेवारीत पाणी दिलं की एकदम फुलोरा येतो. मध्येच डिसेंबरात पाऊस झाला तर ताण तुटतो, झाडाला पालवी फुटते आणि फुलं कमी लागतात. झाडाला खरचटलेलंही नसतं, बाग उलट हिरवीगार दिसते, पण त्या वर्षीचा बहार गेलेला असतो. त्याच सुमारास झाडावर मृग बहाराची फळं असतील आणि गारा पडल्या तर तीही डागाळतात. तुरीचं तसंच. फुलोऱ्यात पाऊस आणि ढग आले की फुलं गळतात, अळी वाढते. फुटलेला कापूस भिजला की भाव पडतो. भंडारा-गोंदियात कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा पाण्यात गेल्या की दाण्याला कोंब फुटतात.

आता सरकारी नियम पाहा. अतिवृष्टी मानायची तर मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो. हा माप जुलैचा आहे. डिसेंबरात १५-२० मिलिमीटरनेच वरचं सगळं नुकसान होऊन जातं. राज्याने अवेळी पावसाला आपत्तींच्या यादीत घेतलं आहे, २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ही घेतला, हे मान्य करायला हवं. पण नुकसान ३३ टक्क्यांहून जास्त झालं हे पंचनाम्यात दिसावं लागतं, आणि हिरव्यागार दिसणाऱ्या बागेतल्या न आलेल्या फुलांचा पंचनामा कोण कसा करणार? ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा ही मागणी २०२५ च्या पावसात पुन्हा झाली, तेव्हा उत्तर मिळालं की नियमावलीत अशी संज्ञाच नाही. नववीच्या पेपरात जो शब्द मी विचारते, तो सरकारच्या दप्तरात नाही.

विम्याचंही तसंच. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत एक चांगली तरतूद होती. कापून शेतात सुकत ठेवलेलं पीक १४ दिवसांच्या आत अवकाळी पावसाने गेलं आणि शेतकऱ्याने ७२ तासांत कळवलं, तर भरपाई मिळायची. गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीलाही संरक्षण होतं. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने या जोखमी वगळल्या आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या उत्पन्नावर ठेवली. गारा कशा पडतात हे ज्याने पाहिलं आहे, त्याला यातली खोट लगेच कळेल. गार नाल्याच्या या बाजूला पडते आणि त्या बाजूला पडत नाही. सरासरी काढली की या बाजूचं नुकसान त्या बाजूच्या पिकात विरघळून जातं. गैरवापर होत होता म्हणून बदल केला, असं सांगितलं जातं. गैरवापर थांबवायलाच हवा. पण त्याचा उपाय नेमकी नोंद हा आहे, जोखीमच यादीतून काढून टाकणं हा नाही.

नोंदीची साधनं आपल्याकडे नाहीत असंही नाही. महावेध प्रकल्पाचं पहिलं स्वयंचलित हवामान केंद्र २०१७ मध्ये आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सुरू झालं, आणि आज राज्यात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. ती पाऊस, तापमान, वारा मोजतात. गारा मोजत नाहीत. शिवाय एका मंडळात अनेक गावं येतात आणि केंद्र एकच असतं.

काही वाचक म्हणतील, की हिवाळी पाऊस नेहमीचाच आहे असं म्हटलं तर हवामान बदलाचा मुद्दा कमजोर होतो आणि सरकारला पळवाट मिळते. मला उलट वाटतं. बदल झाला हे सिद्ध करायला आधी काय होतं ते दाखवावं लागतं. ९ ऑक्टोबर २०१९ ही तारीख विक्रम ठरली, कारण १ ऑक्टोबर १९६१ कुणीतरी लिहून ठेवली होती. ती नसती तर ‘यंदा जरा उशीर झाला’ एवढंच आपण म्हटलं असतं. आणि पळवाट तर ‘अवकाळी’ या शब्दातच आहे. जे अचानक आलं त्याची तयारी कशी असणार, असं म्हणता येतं. जे दर दोन-तीन वर्षांनी येतं त्याची तयारी का नव्हती, हे विचारता येतं. धान सुकवायला ताडपत्री आणि शेड का नाही, संत्र्यावर गारांची जाळी का नाही, डिसेंबरातल्या पावसाला वेगळं माप का नाही, हे प्रश्न पावसाला हंगामात जागा दिल्यावरच उभे राहतात.

हिवाळ्याच्या सुट्टीत मामूंना फोन केला होता. नानांची बाग आता तेच पाहतात. २०१८ च्या गारपिटीत त्यांचा बहार गेला होता. मी विचारलं, नानांच्या नंतर वहीत कुणी पावसाचं लिहिलं का? म्हणाले, ‘बेटा, बारिश तो आतीच है. लिखता कौन है?’

हा प्रश्न मी वर्गात नेला. आता आमच्या शाळेच्या गच्चीवर एक प्लॅस्टिकची बाटली आहे. वरचा भाग कापून उलटा बसवला, बाजूला पट्टी चिकटवली, तळाला सरळ कडेपर्यंत पाणी भरून तिथे शून्य धरलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे गणिताच्या मॅडमनी मुलींना शिकवलं. वहीत तीन रकाने आहेत. तारीख, किती मिलिमीटर, आणि त्या दिवशी नानी-दादीच्या गावी शेतात काय उभं होतं. तिसऱ्या रकान्यासाठी मुलींना गावी फोन करावा लागतो. सोनेगावच्या यंत्राला तो रकाना नाही. गारा पडल्या तर त्यांचा आकार लिहायचा, बोराएवढी, सुपारीएवढी.

याने धोरण बदलेल असा माझा भ्रम नाही. पण प्रत्येक गावातल्या शाळेत अशी एक वही असती आणि ती ग्रामसभेत दरवर्षी वाचली गेली असती, तर पंचनाम्याच्या वेळी शेतकरी रिकाम्या हाताने उभा राहिला नसता. हे काम शाळांना सहज झेपणारं आहे. शिक्षण खात्याला आणि कृषी खात्याला मिळून एक साधं परिपत्रक काढता येईल. तोवर तुमच्या घरात कुणाची जुनी वही, सौद्याची चिठ्ठी, पत्र असेल तर ते रद्दीत देण्याआधी चाळून पाहा. त्यात माघातला पाऊस सापडेल.

त्या मुलीचा पेपर मी परत मागवला. उत्तरासमोरची फुली तशीच ठेवली, कारण परीक्षेत ‘ओला’ म्हणजे ओलाच. पण खाली एक ओळ लिहिली, की गारांनी गेलेलं पीकही दुष्काळच आणतं, आणि एक गुण दिला. पेपर परत घेताना तिने विचारलं, ‘मॅडम, मग बरोबर का चूक?’ मी म्हटलं, नानीच्या गावाचा रकाना आधी भरून आण, मग ठरवू.